पाचशे यार्डांच्या आत

८ जुलै, शनिवार

शिकाऱ्यांना रानात नेणाऱ्या वाटाड्याची परीक्षा पास झालो. वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी.

टेबलापलीकडे दोन परीक्षक होते. होकायंत्र झालं, नकाशा झाला, हरवलेला माणूस कसा शोधायचा ते झालं. मग गाडी अस्वलाच्या आमिषावर आली आणि मी सरसावून बसलो. आमिष रस्त्यापासून किती लांब? पन्नास यार्ड. राहत्या घरापासून? पाचशे; पण घरमालकानं लेखी परवानगी दिली तर त्याच्या आतही चालतं. ठेवायचं कधी? हंगामाच्या आधी तीस दिवस, त्याआधी एक दिवसही नाही. पाटी? दोन इंच बाय चार इंच, वर ठेवणाऱ्याचं नाव आणि पत्ता. जागा साफ कधीपर्यंत करायची? दहा नोव्हेंबर.

त्यातल्या म्हाताऱ्या परीक्षकानं चष्मा काढला. "घरापासून पाचशे यार्ड, ते का हो?"

"नियम आहे म्हणून," मी म्हणालो.

दोघंही हसले आणि कागदावर शिक्का बसला.

बटाट्याच्या शेडमध्ये मी तीस वर्षं प्रतवारी तपासली. बटाटा कडीतून गेला तर लहान, अडकला तर मोठा. भांडणाला जागाच नाही. शेड बंद पडल्यापासून इतकं स्वच्छ काही हाताला लागलं नव्हतं, ते आता या नियमांच्या पुस्तकात लागलं. रोलांद म्हणाली, "तीस वर्षं बटाटे मोजलेस, आता अस्वलं मोज. माणसांकडे कधी बघायचं ते कळव." बायको आहे, बोलणारच.

१६ जुलै, रविवार

चर्चमधून येताना बाबांकडे बसून आलो. ते चौऱ्यांशीचे आहेत. आमच्या शेताच्या पलीकडच्या कडेला, झाडीला लागून त्यांचं लाकडी घर आहे, तिथं एकटेच राहतात. आज त्यांनी दोनदा विचारलं, शेडला सुट्टी आहे का म्हणून. डॉक्टर म्हणतात, शहरातल्या वृद्धाश्रमात ठेवा. रोलांद म्हणते, निदान आपल्या घरात आणू. पण आईला मी तिच्या शेवटच्या दिवसांत शब्द दिलाय की बाबांना त्यांच्या झाडीपासून हलवणार नाही. आणि बाबाही येत नाहीत. "अल्मा इथं शोधत येईल," म्हणतात. आईला जाऊन नऊ वर्षं झाली.

अस्वलाचा विषय काढला की मात्र माणूस लख्ख जागा होतो. चाळीस वर्षं त्यांनी वाटाड्याचं काम केलंय. नदीच्या या काठावर आदेलार मिशोसारखं आमिष कुणी ठेवलं नाही, असं अजून लोक सांगतात.

"माणूस एकच, वेळ एकच, भांडं एकच," ते म्हणाले. "तीन टोले दे, पिंपात ओत आणि मागे न बघता चालू लाग. अस्वल जवळच असतं, पोरा. बघत असतं. टोले म्हणजे जेवण, हे त्याला महिनाभरात कळतं. तू गेलास की ते येतं."

"आणि शिकारीच्या दिवशी?"

"दोघांनी आत जायचं, एकानं बाहेर यायचं. पाहुणा मचाणावर." ते खुदकन हसले. "अस्वलाला मोजता येत नाही."

फळीवरून आईची पत्र्याची बादली काढून घेतली. याच बादलीवर लाकडी पळीनं तीन टोले मारून आई त्यांना रानातून जेवायला बोलवायची. आम्हा पोरांनाही. अख्ख्या शेतात ऐकू यायचं. प्लॅस्टिकच्या बादलीला असा आवाज नाही.

"जपून हं," बाबा म्हणाले. "अल्माची आहे."

२५ जुलै, मंगळवार

जागेचा घोळ आज मिटला. कागद कंपनीच्या रानात दोन जागा पाहिल्या, दोन्हीकडे अस्वलाचा मागमूस नाही. मोठ्या अस्वलाच्या पंज्यांचे ठसे आहेत ते बाबांच्या घरामागच्या दलदलीत, त्यांच्या जुन्या मचाणाजवळ. माझ्या तळहाताएवढा पंजा आहे. दोर लावून तीनदा मोजलं. बाबांच्या पायरीपासून तीनशे चाळीस यार्ड भरतात.

म्हणजे लेखी परवानगी हवी. घर बाबांच्या नावावर आहे. रीतसर कागद टाइप करून नेला.

त्यांनी कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "हे अल्माच्या दवाखान्याचं का?"

"हो, तसंच काहीसं," मी म्हणालो.

सही केली. अक्षर अजून सुरेख आहे. मला जरा टोचलं, ते इथं लिहून ठेवतो. पण त्यांना आमिषाची परवानगी मागितली असती तर त्यांनी नाही म्हटलं असतं का? त्यांचाच तर धंदा.

रोलांदला साक्षीदार म्हणून सही कर म्हटलं. "त्यांना वाचून दाखवलंस?" तिनं विचारलं. मी पेन पुढं केलं. "मग मी नाही करणार." नको करू. साक्षीदार पाहिजेच असं नियमात कुठंही नाही.

२९ जुलै, शनिवार

तीस दिवस आजपासून. संध्याकाळी पाचला पहिलं आमिष ठेवलं: बेकरीतले शिळे डोनट, तळणीचं जुनं तेल, वर काकवी आणि बडीशेपेचा अर्क. पिंप झाडाला साखळीनं बांधलं, पाटी ठोकली. "गिल्मन मिशो" आणि खाली पत्ता. स्वतःचं नाव झाडावर पाहून बरं वाटलं.

बादलीवर तीन टोले दिले आणि मागे न बघता रस्त्याच्या बाजूनं निघालो. मानेवर काहीतरी बघतंय असं वाटत होतं. बाबा म्हणाले होते, वाटेलच.

३ ऑगस्ट, गुरुवार

पाच दिवसांत अस्वल लागलं! पण चमत्कारिक आहे. साखर घोळवलेले डोनट तेवढे खातं, साधे ठेवतं. आणि पिंपावरची फळी मी ठेवतो तशीच परत ठेवलेली असते. आज तर तिच्यावर दगडही होता. कुणी चोरटा शिकारी माझ्या जागेवर येत नसेल ना? दुसऱ्याच्या आमिषापासून शंभर यार्डांच्या आत बसायला मनाई आहे. पकडला तर दाखवीन पुस्तक.

८ ऑगस्ट, मंगळवार

बाबा रात्रीचं जेवण टाकायला लागलेत. रोलांद रोज साडेसहाला डबा नेते. तव्यावरून उतरलेले गरम प्लॉय, म्हणजे आमची कुट्टूची धिरडी, कोंबडीचा रस्सा, जे एरवी ते बशी चाटून खायचे. आता दोन घास खाऊन पुरे म्हणतात.

"आत्ताच तर जेवलो," म्हणतात.

"कुणी दिलं?"

"अल्मानं. दुसरं कोण देणार?"

रोलांद डोळे पुसत परत आली. मी डॉक्टरांना फोन लावला. या आजारात भूक जाते, भास होतात, असं त्यांनी सांगितलं. वजन बघायला सांगितलं. बघितलं, तर दोन किलो वाढलेलं निघालं. काटा बिघडला असणार.

१२ ऑगस्ट, शनिवार

शिकार खात्याची वॉर्डन येऊन गेली. थेरियोची थोरली पोरगी, बेकी. माझ्या शेडमध्ये सुट्टीत बटाटे निवडायची, आता कमरेला पिस्तूल आहे. तिनं पाटी मोजली, पिंपाची साखळी ओढून पाहिली, रस्त्यापासूनचं अंतर पाहिलं.

"आदेलारआजोबांचं घर जवळ आहे, काका."

मी खिशातून कागद काढला. तिनं वाचला, सही पाहिली, परत दिला. "सगळं ठीक. पण पोट भरायची सवय लागलेलं अस्वल घराच्या एवढ्या जवळ..."

"घराकडे तोंड नाही त्याचं. माग सगळे दलदलीतून येतात."

"घराच्या बाजूनं पण पायवाट मळलीय की."

"बाबांची जुनी वाट असेल," मी म्हणालो. तिनं मान हलवली. झाडीकडे बराच वेळ बघत राहिली. नव्या पोरांना जरा जास्तच काळजी असते.

१७ ऑगस्ट, गुरुवार

बाबांच्या घरातल्या दोन पत्र्याच्या ताटल्या गायब आहेत, निळ्या काठाच्या, आईच्या वेळच्या. रोलांदनं घर पालथं घातलं. मी म्हटलं, रकूननं पळवल्या असतील. "काटेचमचेही रकूननं नेले का?" असा तिचा सवाल. शिवाय बाबांच्या काळ्या लोकरी कोटाच्या बाह्या चिकट आणि बडीशेपेच्या वासाच्या झाल्यात. माझा काकवीचा डबा त्यांच्या ओसरीवर असतो, त्यात हात घातला असणार. डबा आता वर ठेवतो.

आमिष मात्र झकास चाललंय. आता साधे डोनटही जातात, पण ते उशिरा, आणि पिंप आडवं पाडून. म्हणजे दोन अस्वलं असावीत. एक नीटनेटकं, एक धसमुसळं. दोघं एकाच पिंपावर येतात आणि भांडत नाहीत. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "आधी घरची माणसं जेवतात, मग पाहुणा. तो थांबतो बिचारा." गोड बोलतात कधीकधी.

२३ ऑगस्ट, बुधवार

रोलांदशी वाजलं. सोमवारी हंगाम उघडतोय, तर बाबांना केशरी टोपी आणि जाकीट घालू या म्हणाली. मी तिला पुस्तक दाखवलं: केशरी कपडे लागतात ते हरणाच्या आणि मूस या थोराड हरणाच्या बंदुकीच्या हंगामात. आमिषावरच्या अस्वलाच्या हंगामात तसा नियम नाही. केशरी ठिपका बघून अस्वल बिचकलं तर महिन्याची मेहनत पाण्यात.

"मी अस्वलाचं नाही, तुझ्या बापाचं बोलतेय," ती म्हणाली.

"बाबा अंधार पडल्यावर पायरी सोडत नाहीत."

"तुला काय माहीत? तू पाचला ओततोस आणि मागे न बघता निघून येतोस."

तिनं तरी टोपी नेली. बाबांनी ती कोंबडीच्या खुराड्यावर अडकवली. मला हसू आलं.

२७ ऑगस्ट, रविवार

पाहुणा आला. वॉरन क्लिंगर, पेनसिल्व्हेनियाचा, माझा पहिला ग्राहक. मोठा माणूस, मोठी रायफल, सारखा घड्याळ बघतो. रविवारी आमच्याकडे शिकार बंद, त्यामुळे त्याला जागा नुसती लांबून दाखवली. कसं चालतं ते समजावलं.

"म्हणजे टोले पडले की येतं?"

"घड्याळ लावून घ्या," मी म्हटलं.

"आणि काळं काही पिंपावर वाकलं की..."

"नीट बघायचं, ओळखायचं, मग चाप. कायदा आहे तो."

"वीस वर्षं शिकार करतोय मी," तो म्हणाला. जेवताना त्यानं लोणी बाजूला सारून प्लॉयला मेपलचा पाक मागितला. रोलांदनं दिला, पण चेहरा बघण्यासारखा होता.

२८ ऑगस्ट, सोमवार

सात वाजून सहा मिनिटं. रस्त्यावर पिकअपमध्ये बसून लिहितोय.

दिवस मात्र नीट गेला नाही. प्रवासात क्लिंगरच्या रायफलीची दुर्बीण हलली. मुरमाच्या जुन्या खाणीत जाऊन नेम जुळवता जुळवता साडेसहा झाले. पाचची वेळ चुकली. महिन्यात पहिल्यांदाच.

पाचला मी मधूनच बाबांकडे डोकावलो होतो. पायरीवर बसले होते, काळा कोट गळ्यापर्यंत लावलेला, मांडीवर निळ्या काठाच्या दोन्ही ताटल्या. म्हटलं, चला, ताटल्या तरी सापडल्या.

"आज उशीर आहे का रे?" त्यांनी विचारलं.

"कशाला?"

"हाक नाही आली अजून."

"रोलांद आणतेय जेवण, बाबा. साडेसहाला."

त्यांनी मान हलवली, पण नजर झाडीवरच. पावणेसातला रोलांदचा फोन. "ते डब्याला हात लावत नाहीत. हाक यायचीय म्हणतात. पायरीवरून उठत नाहीत. तू ये."

"आज नाही येता येणार. भूक लागली की खातील. तू घरी जा," मी म्हणालो.

सहा पन्नासला क्लिंगरला मचाणावर चढवलं. दाट झाडी, आत अंधारून आलेलं. पिंप भरलं. बादलीवर तीन टोले दिले, उशीर झाला होता म्हणून जरा जोरातच. आणि मागे न बघता बाहेर आलो. दोघं आत, एक बाहेर.

सूर्यास्त सात बाराला आहे. कायद्यानं त्यापुढं अर्धा तास, म्हणजे सात बेचाळीसपर्यंत गोळी झाडता येते.

सात एकोणीस. काही नाही.

सात सव्वीस. काही नाही. रातकिडे.

सात एकतीस. गोळी! एकच. म्हणजे लागली. अकरा मिनिटं राखून, नियमात! बाबा म्हणायचे, गोळीनंतर अर्धा तास थांबायचं, जखमी जनावराच्या अंगावर जायचं नाही. थांबतो. सकाळी पहिलं त्यांना जाऊन सांगेन. त्यांच्याच मचाणावर, त्यांच्याच पद्धतीनं.

क्लिंगर ओरडतोय बहुतेक. खूश झाला असेल.

रोलांदचा फोन येतोय.

५ सप्टेंबर, मंगळवार

काल बाबांना आईशेजारी ठेवलं.

आज बेकी थेरियो आली होती, बरोबर तिचा वरिष्ठ. स्वयंपाकघरात बसले. त्यांनी एकेक गोष्ट वाचली. रस्त्यापासून अंतर, बरोबर. पाटी, बरोबर. तीस दिवस, बरोबर. गोळीची वेळ, बरोबर. घरापासून तीनशे चाळीस यार्ड, परवानगी जोडलेली. क्लिंगरवर खटला होईल, न ओळखता गोळी झाडली म्हणून. त्यानं जबाबात सांगितलंय: वाटाड्या म्हणाला होता, टोले पडले की येतं. ते आलं. वाकून पिंपात हात घालत होतं.

"तुमच्यावर काही नाही, काका," बेकी म्हणाली. "सगळं नियमात आहे." आणि ती रडायला लागली. वरिष्ठ बाहेर गाडीकडे गेला.

मी म्हणालो, "त्यांना मी तो कागद वाचून दाखवला नव्हता. दवाखान्याचा आहे म्हणालो होतो. लिही ते."

"कुठं लिहू?"

"लिही कुठंही."

तिनं फॉर्म माझ्याकडे फिरवला. सही मालकाची आहे का? आहे. तारीख आहे का? आहे. "तसा रकानाच नाही, काका," ती म्हणाली.

रोलांद चुलीपाशी पाठमोरी उभी होती. तिनं काहीतरी बोलावं, शिव्या घालाव्यात, असं मला फार वाटत होतं.

रात्री त्या परीक्षकाचा प्रश्न आठवला. घरापासून पाचशे यार्ड का? मला कळलंय. टोले कुठवर ऐकू जातात ते मला लहानपणापासून माहीत होतं.

१० नोव्हेंबर, शुक्रवार

आज शेवटचा दिवस होता. जागा साफ करायला गेलो. ऑगस्टनंतर पहिल्यांदाच.

नेचे थंडीनं झोपलेत, त्यामुळे सगळं उघडं पडलंय. पिंपापासून दहा पावलांवर एक रुंद बुंधा आहे. महिनाभर त्याच्या जवळून गेलो आणि तो पाहिला नाही. अलीकडे बसायला ओंडका, पलीकडे पालथं खोकं, आणि मध्ये बुंध्यावर निळ्या काठाच्या दोन ताटल्या. दोन्हीकडे काटा, चमचा, नीट सरळ लावलेले. त्या संध्याकाळी आधी पान मांडून मग ते वाढून घ्यायला पिंपाकडे गेले असणार. ताटल्यांत पावसाचं पाणी साचून गोठलंय.

त्याच्याही पलीकडे, झुडपाखाली, दबलेलं गवत आणि जुनी विष्ठा. मोठं अस्वल तिथं पडून असायचं. म्हणजे थांबायचं, त्यांचं होईपर्यंत. बाबांनी मला सांगितलंही होतं.

मी ओंडक्यावर बसलो. बराच वेळ रडलो. मग कामाला लागलो, कारण दिवस लहान आहे. पिंप सोडलं, मचाण उतरवलं, माझ्या नावाची पाटी काढली, खिळे वेचले. जे मी आणलं ते सगळं नेलं. ताटल्यांना हात लावला आणि सोडून दिल्या. त्या मी ठेवलेल्या नव्हत्या.

आईची बादली माझ्या कोटात गुंडाळून आणली, वाटेत वाजू नये म्हणून.